कॅलेंडरमागचा खिळा

२१ मे, बुधवार. सकाळी साडेनऊला तुमचं लोखंडी कपाट रिकामं करायला घेतलं.

भाऊजी, तेरावं सोमवारी झालं. काल मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, मोठी पातेली घासून माळ्यावर चढवली, आणि आज हाताला काही काम उरलं नाही म्हणून तुमच्या खोलीत आले. तुमच्या कपाटाला कोणी हात लावलेला तुम्हाला चालायचा नाही. एकदा मी इस्त्रीचे कपडे आत ठेवले तर दोन दिवस तुम्ही "माझा पाना कुठे गेला, माझी पक्कड कुठे गेली" करत फिरत होतात. पक्कड सापडली. शर्टांच्या खाली होती, तुम्हीच ठेवलेली.

शर्ट अकरा निघाले. बहुतेकांच्या खिशावर शाईचा डाग. जॅकवेलवर नदीचं पाणी खेचणाऱ्या पंपाशेजारी बसून तासातासाला पाण्याची पातळी वहीत लिहायची, आणि टोपण न लावता पेन खिशात ठेवायचं. तीस वर्षं ते डाग मी लिंबू लावून काढले. आज हे शर्ट देऊन टाकायचे आहेत, तरी पहिल्या डागाला लिंबू लावायला उठले होते. अर्ध्या जिन्यातून परत आले.

मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, वहिनी खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग तासभर गाल आपला नसतो, तसं आहे. चहा गरम आहे की गार तेही कळत नाही. तुमचे दादा पुढच्या खोलीत पेपर धरून बसतात, पान उलटत नाहीत. मी काम करते. काम करता येतंय तोवर करून घ्यावं.

कपाटाच्या खालच्या खणात, नदीच्या नोंदींच्या जुन्या वह्यांवर, एक निळी प्लास्टिकची फाइल होती. त्यात काय आहे हे मला उघडण्याआधीच कळलं होतं. म्हणून आधी वह्या पुसल्या, खण पुसला, कपाटाच्या बिजागरीला तेल घातलं. मग उघडली.

फाइलकडे नंतर येते. आधी खांबाचं लिहिते, कारण भांडण तिथून सुरू झालं.

मी लग्न होऊन बदलापूरला आले तेव्हा ओटीवरचा तो सागाचा खांब बघून विचारलं होतं, ह्याला मध्येच खिळे कशाला? तुम्ही तेव्हा कॉलेज सोडून नुकतेच कामाला लागला होतात. म्हणालात, "वयनी, ती नदीची हजेरी हाय." पूर ओसरला, खांबावरचा चिखल वाळला की त्याची पांढरी रेघ राहते. त्या रेघेवर घरातल्या सगळ्यात धाकट्या पुरुषाने खिळा ठोकायचा, घरातल्या बाईने त्याला हळद-कुंकू लावायचं, आणि मगच चूल पेटवायची. गुडघ्याच्या उंचीचा खिळा तुमच्या आजोबांच्या हातचा. कमरेचा माझ्या सासऱ्यांच्या. घर नवं बांधायला काढलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, खांब काढून टाकू. सासरे म्हणाले, "घर खांबाभोवती बांध." जोतंसुद्धा होतं तेवढंच ठेवलं, नाहीतर खिळे खोटे पडले असते.

तिसरा खिळा तुमचा. निखिल कॉलेजला होता त्या वर्षीचा पूर. कॅम्प तीनच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आले होते, धागे कापून दुसऱ्या दिवशी परत पाठवायचे होते. पाणी ओटीवर चढलं तरी मी गठ्ठे उचलत होते. तुम्ही रात्रपाळी संपवून कंबरभर पाण्यातून दोरी धरत आलात, आधी सासूबाईंना पाठीवर घेऊन जिना चढलात, आणि परत खाली येऊन मला ओरडलात.

"वयनी, वर चला! पँटी पोहतील त्यांच्या त्या!"

"शेठचा माल आहे, भाऊजी!"

"शेठला बोलवा मग. त्याला बोला, साईं, तुमचा माल धुवून तयार हाय!"

त्या परिस्थितीत मी हसले होते. मग तुम्ही उरलेले चार गठ्ठे डोक्यावर घेऊन वर टाकलेत. पाणी थांबलं तेव्हा ते माझ्या हनुवटीला लागेल इतकं झालं होतं. नंतर तिथेच तुम्ही खिळा ठोकलात. मी हळद-कुंकू लावलं आणि म्हटलं, हा शेवटचा असू दे. तुम्ही नुसता हातोडा पुसलात. तुम्ही पातळ्या लिहिणारे, तुम्हाला ते खोटं आश्वासन देता आलं नसणार.

महिन्याभरात मी त्या खिळ्यावर कॅलेंडर अडकवलं. बरोबर नजरेसमोर येतं, खिळा रिकामा कशाला ठेवायचा? तेव्हा तुम्हीही हसलात. "कॅम्पातली पोरगी. नदीच्या खिळ्याला पण कामाला लावलं." मी कॅम्प पाचला वाढलेली, दुकानांच्या मधोमध. आमच्याकडे भिंतीतला एक खिळा रिकामा नसायचा.

दिवाळीनंतर ती मोजणीवाली मुलगी आली, तेव्हा तुम्ही घरी नव्हतात. नारिंगी जाकीट, तीन पायांचं यंत्र, हातात मोठा फोन. म्हणाली, पूररेषा नव्याने आखायची आहे. पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही, कमी वेळात जास्त पडतो, त्यामुळे जुन्या नकाशावर विसंबता येत नाही. नदीचे आकडे आमच्याकडे आहेत, पण गल्लीत पाणी कुठवर चढलं ते लोकांनाच माहीत असतं. "काकू, तुमच्याकडे काही खूण आहे का?"

गल्लीतली सगळी मंडळी जमली होती. आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमची तीन घरं मिळून इमारत व्हायची होती, बिल्डरशी बोलणी ठरत आली होती. नकाशावरच्या निळ्या पूररेषेच्या आत आलो की नवं बांधकाम नाही. निखिल, सूनबाई आणि बाळ अंबरनाथ पूर्वेला एका खोलीत भाड्याने राहतात, बाळाचा पाळणा दाराला लागतो म्हणून दार अर्धंच उघडतं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मी कमरेचा खिळा दाखवला. म्हटलं, "हा बघा. इथपर्यंत."

तिने टेप लावली, फोटो काढला. कॅलेंडर फोटोत आलं असणार. म्हणाली, "काकू, असा पुरावा पुस्तकात मिळत नाही." कोकम सरबत प्यायली, आभार मानले. मग शेजारच्या सुलभाने आपल्या भिंतीवर तेवढ्याच उंचीला हात ठेवला. तिच्या पुढच्या घराने सुलभाचं बघून ठेवला. असं गल्लीच्या टोकापर्यंत. सगळ्यांच्या कमरा एका उंचीच्या झाल्या.

मी तेव्हा स्वतःला सांगितलं की आपण खोटं बोललो नाही. कमरेपर्यंत पाणी आलंच होतं, एकदा. फक्त कॅलेंडर उचललं नाही.

नकाशाचा मसुदा निघाला तेव्हा रेषा आपल्या गल्लीच्या मागून, नदीच्या बाजूने गेलेली. सुलभाने पेढे वाटले. तुम्ही जिन्यातून खाली आलात, निखिलच्या फोनवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा करून बघितलात. मग खांबाकडे बघितलंत.

"ह्यांना तिसरा खिळा कोणी दाखवला नाय?"

निखिलला काही माहीत नव्हतं. तुमचे दादा उठून बाहेर गेले. सुलभाने पेढ्यांचा डबा पुढे केला.

"मला नको," म्हणालात. "वयनींना द्या. त्यांचा मान हाय."

ते मला लागलं. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला बसल्यावर मीच विषय काढला. हे भांडण आपलं अर्धं राहिलं आहे, भाऊजी, म्हणून जसंच्या तसं लिहिते. तेव्हा मी जे म्हटलं त्यातलं निम्मं मला आजही खरं वाटतं.

मी म्हटलं, "हवा कोणी बिघडवली? आपण? आपल्या घरात एक पंखा आणि एक फ्रिज. गोऱ्यांनी शंभर वर्षं धूर केला, आणि बांधकाम बंद कोणाचं, तर माझ्या निखिलचं?"

"बरोबर हाय. आपले मोठे साहेब पण परदेशात जाऊन तेच बोलतात. बोललंच पाहिजे."

"मग?"

"मग काय? पाणी ओटीवर चढताना धूर कोणाचा ते विचारत नाय."

"आणि सरकार कधी आठवतं? बंद करायचं असलं की. जीन्स धुवायचे कारखाने बंद झाले तेव्हा काय झालं? नदी स्वच्छ व्हायला हवी, मान्य. पण शेठ फोनवर एवढंच म्हणाला, 'भाभी, अभी माल नहीं है.' माझ्या हाताखालच्या बायका घरी बसल्या. त्यांचं काय करायचं ते कुठल्या कागदात होतं? आणि ती झाडं! दरवर्षी तेच लोक येतात. खड्डा तोच, रोप नवं, फोटो नवा."

तुम्ही भात कालवत होतात. तुम्हाला माझं झाडांचं पटलं होतं, ओठ हलले होते. तरी सोडलं नाहीत.

"वयनी, झाडाचं नाटक आणि नकाशा एक नाय. नकाशा खरा होऊ शकतो. वरून धोरण निघतं, त्यात नदी असते, पाऊस असतो. आपली गल्ली नसते. ती कोणी तरी येऊन आपल्याला विचारतं. ती पोर विचारायला आलेली. यंत्र घेऊन, उन्हात. आणि आपण तिला कंबर दाखवली."

"मी दाखवली. आपण नाही."

"घर एक हाय ना."

मग म्हणालात, ह्या कमरेच्या हिशोबाने इमारत होईल. तळमजल्यावर कोणी तरी राहायला येईल, आपण ओळखत नाही असं कोणी तरी. त्यांच्याकडे खांब नसेल. मी म्हटलं, तुम्हाला बोलायला काय जातं, तुम्हाला ना मूल ना बाळ.

हे मी म्हटलं. ताटावरून तुम्ही उठला नाहीत, भात संपवलात, ताट मोरीत नेऊन ठेवलंत. पण त्यानंतर डबा वर मागवायला लागलात. तीन महिने मी डबा भरून जिन्याच्या पाचव्या पायरीवर ठेवला आणि तुम्ही तो घासून तिथेच परत ठेवलात. रोज. डबा इतका स्वच्छ मी कधी घासला नव्हता.

मध्ये एकदाच विषय निघाला. हरकती आणि सूचना मागवल्याची नोटीस लागली होती. मी जिन्याखालून विचारलं, "तुम्ही लिहिणार आहात का?"

"मी लिवलं तर घरातल्या माणसाने घरातल्या बाईला खोटं पाडलं, असं होईल. ते मी करणार नाय. तुमचं तुम्ही लिवा."

"मी नाही लिहिणार."

"मग नका लिवू."

आणि मग मे महिन्यातली ती सकाळ. चार की पाच तारीख असेल. मी भाजी निवडत होते. तुम्ही खाली आलात, कित्येक दिवसांनी ओटीवर. खांबापाशी उभे राहिलात. कॅलेंडरवर अजून एप्रिलच होता, माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. तुम्ही ते हलकेच वर उचललंत. मला वाटलं, आता काढतील, आता फेकतील. हातातली गवार तशीच राहिली. तुम्ही पान उलटलंत, दोरा पुन्हा त्याच खिळ्यावर नीट बसवलात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "महिना बदलला, वयनी. कोणी तरी पान उलटत जा."

मी "हो" म्हटलं. फक्त "हो". बसा, चहा टाकते, एवढं तोंडातून निघालं असतं तर निघालं असतं. निघालं नाही. सात तारखेला, बुधवारी सकाळी, डबा न्यायला तुम्ही आला नाहीत. तो पाचव्या पायरीवर अकरापर्यंत होता.

आता फाइल. आत नोटिशीची झेरॉक्स, शेवटच्या तारखेखाली रेघ मारलेली. तारीख उद्याची. त्याखाली तुमच्या अक्षरात हरकतीचा अर्ज, शाईने, सुवाच्य, नदीच्या वहीत लिहायचात तसा. घराचा नंबर, गल्ली, नदी कुठल्या बाजूला, पूर्वीचे दोन पूर, सगळं. आणि मग हे वाक्य: "सदर घरातील सागाच्या खांबावर तिसऱ्या पुराच्या पाण्याची खूण असून तिची जमिनीपासूनची उंची" आणि पुढे रिकामी जागा. खाली "अर्जदार" आणि पुढे रिकामी जागा.

तुम्हाला ती उंची पाठ होती. झोपेत विचारली असती तरी सांगितली असतीत. तो खिळा तुम्ही ठोकला होतात. तरी रिकामी ठेवलीत.

मी फाइल बंद केली आणि उरलेले कपडे घडी करून पिशवीत भरले. स्वेटर, दोन लुंग्या, कामावरची खाकी. हात चालत होते. दुपारी निखिलला फोन केला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कॅम्पातली पोरगी, आधी भाव विचारते. हो, विचारला, खरं सांगितलं तर काय जाईल त्याचा. त्याला सगळं सांगितलं, कॅलेंडरचंसुद्धा. मागे बाळ रडत होतं.

मग म्हणाला, "आई, काकाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तो काही बोलला नाही?"

"नाही."

"बिल्डर परत येणार नाही मग."

"नाही येणार बहुतेक."

"आम्ही इथेच राहायचं मग, ह्या खोलीत?"

ह्याचं उत्तर, भाऊजी, तुमच्या त्या छान अक्षरातल्या अर्जात कुठेच नाही. रेषेच्या आत बांधू नका, हे बरोबर. पण जे आधीच रेषेच्या आत आहेत, त्यांची मुलं कुठे जातील, हे तुम्ही मला तीन महिन्यांत सांगितलं नाहीत. मी चिडून विचारत होते म्हणून तुम्हाला तो प्रश्न वाटलाच नाही. तो प्रश्न होता.

निखिल शेवटी म्हणाला, "तू कर तुला करायचं ते. मी सुलभामावशीला तोंड देणार नाही, सांगून ठेवतो. ते तू बघ."

"बघते," म्हटलं.

२२ मे. सकाळी साडेसहाला उठले. आंघोळ केली, पाणी भरलं, कणीक मळून ठेवली. मग ओटीवर येऊन कॅलेंडर काढलं. खिळ्याला गंज चढला होता, पण घट्ट होता. शिवणाची टेप आणली. तिचं खालचं टोक जमिनीवर कोणी तरी धरायला हवं होतं. मी हाक मारायच्या आत तुमचे दादा खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर हात देत खाली बसले आणि टोक खांबाच्या पायाशी दाबून धरलं.

"किती?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"चार फूट नऊ इंच."

"हो," ते म्हणाले. "तेवढंच आहे."

म्हणजे त्यांनाही पाठ होतं. घरात तिघं, आणि तिघांनाही माहीत.

मी तुमच्या पेनाने रिकाम्या जागेत आकडा भरला. पुढे लिहिलं की मोजणीच्या वेळी ही खूण कॅलेंडरखाली होती, ती मी दाखवली नाही, आणि गल्लीतल्या इतरांनी माझं बघून सांगितलं, तरी त्यांच्या घरांची उंची पुन्हा तपासावी. खाली आणखी एक परिच्छेद लिहिला, तो माझा: रेषा वर घ्या, पण रेषेच्या आत ज्यांची घरं आहेत त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी राहायला कुठे जायचं, तेही ह्याच नकाशाबरोबर जाहीर करा. तुमच्या अक्षराखाली माझं अक्षर वाकडं दिसतं. अर्जदार म्हणून माझं नाव घातलं, सही केली.

मग सुलभाकडे गेले. तिच्या हातात अर्ज दिला. तिने उभ्यानेच वाचला. म्हणाली, "ताई, तुम्ही आधी असं सांगितलंत, आता तसं सांगताय. आम्ही काय तुमच्या मागे फिरायचं?" मी म्हटलं, नको फिरूस, तुझी खूण तू बघ. तिने दार लावलं. ती चुकली नाही.

रिक्षाने स्टेशन, तिथून शेअर रिक्षाने अंबरनाथ. नोटिशीत दिलेल्या कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने अर्ज उलटून पाहिला, शेवटचा परिच्छेद वाचून म्हणाला, "बाई, हे दुसऱ्या खात्याकडे येतं." मी म्हटलं, "असू दे. तुम्ही शिक्का मारा." त्याने मारला. पोचपावती तुमच्या निळ्या फाइलमध्ये लावली. कपडे तिथल्याच आश्रमात दिले. शाईच्या डागाचा एक शर्ट ठेवून घेतला, लादी पुसायला कापड चांगलं आहे म्हणून.

बाराला घरी आले. कॅलेंडर ओटीवर तसंच पडलं होतं. खांबाचा खिळा रिकामा ठेवला, त्याला हळद-कुंकू लावलं. मग तुमच्या कपाटातला हातोडा घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत कॅलेंडरसाठी नवा खिळा मीच ठोकला.